परवाना हाती आला, आता रस्ता : नव्या चालकांच्या प्रश्नांना उत्तरे

नव्याने गाडी शिकणाऱ्या वाचकांनी आपल्या शंका कळवाव्यात, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत दंडाच्या रकमेची चौकशी थोडीच आहे; नियम माहीत असूनही रस्त्यावर जीव मुठीत धरून गाडी चालवावी लागते, त्यावर उपाय काय, असे विचारणारी पत्रे अधिक आहेत. हा प्रश्न योग्यच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखाली २०१७ मध्ये आलेले वाहनचालनाचे विनियम यांनी कोणी कोणाला वाट द्यायची हे ठरवून दिले आहे. परंतु समोरचा माणूस तो नियम पाळेलच, अशी हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही. म्हणून आपण नियम पाळायचा, आणि दुसऱ्याने तो मोडला तरी निभावून जाईल एवढी जागा आणि एवढा वेळ सतत हाताशी ठेवायचा, यालाच सुरक्षित चालन म्हणतात. पुढील उत्तरे याच एका सूत्राने लिहिली आहेत.

मला नुकताच शिकाऊ परवाना मिळाला आहे. वडिलांची गाडी घरीच असते. पहाटे रस्ता रिकामा असताना मी एकटीने सराव केला तर चालेल का? — एक वाचक, सांगली

नाही, चालणार नाही, आणि पहाटेच्या रिकाम्या रस्त्यालाही यातून सवलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमानुसार शिकणाऱ्याच्या सोबत त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असलेली व्यक्ती असली पाहिजे, आणि प्रसंगी गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी ती बसलेली असली पाहिजे. घरच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक नसतो, त्यामुळे दोन आसनांच्या मधोमध हँडब्रेक असलेली गाडी सरावाला बरी. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे इंग्रजी अक्षर लावणेही बंधनकारक आहे. दुचाकी शिकत असाल, तर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही. या अटी मोडून गाडी चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईच्या बाबतीत हात आखडता घेऊ शकते, ही गोष्ट वडिलांच्याही कानावर घाला.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. बहुतेक जण एकतिसाव्या दिवसाची वाट पाहतात. माझा सल्ला असा, की चाचणी लवकर उरकली तरी उरलेले दिवस कोणाला तरी शेजारी बसवूनच चालवा, आणि त्या दिवसांत मुद्दाम अवघड वेळा निवडा : शाळा सुटण्याची वेळ, आठवडी बाजाराचा दिवस, भर पाऊस, रात्र, आणि चढावर थांबून पुन्हा निघणे. रिकाम्या मैदानावर गाडीची ओळख होते, पण रस्त्याची होत नाही.

महामार्गावर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवले की मध्ये कोणीतरी घुसतेच, आणि मागचा ट्रक तर बंपरला चिकटून येतो. अंतर नेमके किती ठेवावे आणि ते टिकवावे कसे? — एक वाचक, नाशिक

आलेल्या पत्रांतील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. पुढचा अडथळा डोळ्यांना दिसणे, तो मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर पोहोचणे यांत सावध माणसाचाही एक ते दीड सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी दीड सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते आणि कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर आणखी नऊएक मीटर घेऊन थांबते. म्हणजे एकूण सुमारे २५ मीटर. वेग ८० केला, की पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३३ मीटर संपतात आणि ब्रेक लागल्यावर आणखी ३५ लागतात, म्हणजे एकूण जवळजवळ ७० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, आणि नवा चालक नेमका येथेच फसतो, कारण बंद काचांच्या गाडीत ६० आणि ८० यांतला फरक अंगाला जाणवत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवलेले आहे.

धावत्या गाडीतून मीटर मोजता येत नाहीत, सेकंद मोजता येतात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा पुलाच्या कठड्याजवळून गेली, की मनातल्या मनात सावकाश ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणावे. ‘एकशे तीन’ पुरे होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पाऊस, धुके किंवा रात्र असेल तेव्हा हेच मोजणे ‘एकशे पाच’ किंवा ‘एकशे सहा’पर्यंत न्यावे. वेग वाढला की अंतर आपोआप वाढते, ही या पद्धतीची सोय आहे.

आता मध्ये घुसणाऱ्यांविषयी. कोणी घुसले तर पाय किंचित सैल करून पुन्हा तीन सेकंदांचे अंतर तयार करावे. नाशिकहून मुंबईपर्यंत वीस गाड्या अशा घुसल्या, तरी प्रत्येकीमागे तीन सेकंद धरून आपले एक मिनिट जाते. त्या एका मिनिटासाठी अंतर मिटवून बसणे हा फारच महागडा सौदा आहे.

मागे चिकटलेल्या ट्रकला ब्रेकचा लाल दिवा दाखवून धडा शिकवण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नका. लादलेल्या ट्रकला थांबायला तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक अंतर लागते. उजवी मार्गिका ओलांडून पुढे जाण्यासाठी असते. तुम्ही तिथे रेंगाळत असाल तर आरसा पाहून, इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि त्याला जाऊ द्या. डावीकडे यायला जागाच नसेल, तर आपल्या पुढचे अंतर आणखी वाढवा, म्हणजे अचानक जोरात ब्रेक दाबण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही आणि पर्यायाने त्याच्यावरही येणार नाही. ट्रकला ओलांडताना एक खूण लक्षात ठेवा : त्याच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. त्या पट्ट्यात बाजूबाजूने चालत राहू नये. एक तर पूर्ण मागे राहावे, नाही तर रस्ता मोकळा पाहून न रेंगाळता पुढे निघून जावे.

सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोणी जायचे? शिवाय वळताना दुचाकी अगदी अचानक समोर येते, ती आधी का दिसत नाही? — एक वाचक, कोल्हापूर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. लहान रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरील वाहनांना वाट द्यायची, आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. वाहतूक बेट असलेल्या चौकात वर्तुळात फिरणारी वाहने आपल्या उजवीकडूनच येतात, म्हणून त्यांना वाट देऊन मगच आत शिरायचे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे वाहन यांना सर्वांच्या आधी वाट मिळते. ती अडवणाऱ्यास मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सिग्नल नसलेल्या ठिकाणी झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याचा हक्क पहिला. हे सारे पाठ असूनही चौकात अपघात होतात, कारण आपला हक्क आहे एवढ्यावर विसंबून लोक आत शिरतात. हक्क आपला असला तरी वेग कमी करून, समोरच्याचे चाक मंदावते आहे हे डोळ्यांनी पाहून मगच पुढे जावे. समोरच्याने हात केला किंवा दिवा दाखवला, तर त्याचा अर्थ ‘तू ये’ असा असेल किंवा ‘मी येतो’ असाही असेल. त्यामुळे दिव्यापेक्षा चाकावर विश्वास ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या गाडीच्या बांधणीत आहे. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छताला आधार देणारे जे तिरपे खांब असतात, त्यांच्या आड बाजूने येणारी अख्खी दुचाकी स्वारासकट झाकली जाते. तुमचा आणि तिचा वेग जुळून आला, तर ती कित्येक सेकंद त्या खांबाच्या आडच राहते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम ‘उगवते’. यावर उपाय सोपा आहे : वळण्याआधी आसनावर थोडे पुढे झुकून आणि मागे होऊन खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहावे. उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा एकदा उजवीकडे पाहावे, कारण पहिल्या नजरेनंतरच्या दोन सेकंदांत चित्र बदललेले असते. आरशांतही असाच एक आंधळा पट्टा असतो, तेव्हा मार्गिका बदलण्यापूर्वी खांद्यावरून मागे एक ओझरती नजर टाकण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

शहरातील रस्त्याविषयी आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. थांब्यावर एसटी उभी असेल, तर तिच्या शेजारून जाताना बसच्या पोटाखालून पलीकडे पाहा. पुढच्या चाकाजवळ पावले दिसली, तर बसच्या तोंडासमोरून कोणीतरी रस्ता ओलांडणार हे तुम्हाला माणूस दिसण्याआधी कळते. कडेला उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून दुचाकी चालवताना ज्या गाडीत माणसे बसलेली दिसतात किंवा जिचा मागचा लाल दिवा नुकताच विझला आहे, तिचे दार उघडणार असे धरून चाला आणि दाराच्या रुंदीएवढे अंतर राखा. स्वतः गाडीतून उतरताना चालकाने दार डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे शरीर आपोआप उजवीकडे वळते आणि मागून येणारी दुचाकी नजरेस पडते.

पावसाळ्यात कुंभार्ली घाटाने कराडला जायचे आहे. घाटात मी प्रथमच गाडी चालवणार आहे. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, चिपळूण

घाट चढताना पंचाईत होते ती इंजिन बंद पडण्याची; जिवावर बेततो तो उतार. उतारावर गाडीचा वेग ब्रेकने धरून ठेवायचा नसतो, तो गिअरने धरायचा असतो. जुने चालक सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ते शंभर टक्के खरे आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच चाकांना मागे ओढते, आणि ब्रेक वळणापुरता, थोडा थोडा वापरला तरी पुरतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात, जळका वास येऊ लागतो, पेडल दाबले तरी पकड जाणवत नाही. तो वास आला, की पहिल्या सुरक्षित जागी थांबा, इंजिन आणि गिअर यांच्या आधाराने गाडी उभी करा आणि ब्रेक थंड होईपर्यंत निघू नका. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल, तर तिच्यातही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कशी वापरायची हे घरीच पाहून ठेवा.

इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरण्याची सवय काही जणांना असते. शिकवणाऱ्याने ती तुम्हाला दाखवली असेल, तर ती तिथेच सोडून द्या. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांतच संपते, स्टिअरिंग जड होते, आणि चावी मागे फिरवली तर ते कुलूपबंदही होऊ शकते. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ पूर्ण नाहीशी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा तसाही बंद होतो. म्हणजे ज्या बचतीसाठी हा धोका पत्करायचा, ती बचतही होत नाही.

अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे आणि त्याचे कारणही उघड आहे : भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा निघणे कठीण. आंधळ्या वळणावर आपल्या बाजूच्या कडेने, मधली रेषा न ओलांडता, आटोपशीर हॉर्न देऊन जावे. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. लांबलचक ट्रेलर किंवा एसटी वळताना तिचा मागचा भाग आतल्या बाजूला येतो, तेव्हा तिला पूर्ण वळू द्यावे; आतल्या रिकाम्या जागेत तोंड घालू नये. चढावर निघताना गाडी मागे सरकत असेल, तर हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडत गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले की हँडब्रेक सोडा. हे घाटात शिकायचे नसते. घराजवळच्या एखाद्या चढावर आधीच घोटून घ्या.

पावसाबद्दल. पहिल्या सरीनंतरचा रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण धूळ आणि सांडलेले तेल पाण्यात मिसळते. टायरच्या खाचांची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. खाचेत दिसणारा छोटा उंचवटा टायरच्या पृष्ठभागाला भिडला, तर टायर संपला असे समजावे. साचलेल्या पाण्यावरून जाताना स्टिअरिंग एकदम हलके लागले, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगत आहेत. अशा वेळी ब्रेक न दाबता, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढावा. धुक्यात आणि पावसात हेडलाइट खालच्या झोतावर लावावेत. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवण्याची पद्धत सरसकट दिसते, पण ती चुकीची आहे; तो इशारा बंद पडलेल्या, थांबलेल्या गाडीचा आहे, आणि तो चालू असताना तुम्ही कोणत्या बाजूला वळणार हे मागच्याला कळत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नका. गुडघ्याच्या खालपर्यंतचे वाहते पाणीही छोटी मोटार सरकवू शकते, आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही.

रात्री समोरून येणाऱ्यांचे दिवे डोळ्यांवर येतात आणि काही क्षण काहीच दिसत नाही. आपणही अपर, म्हणजे वरचा झोत, लावावा का? — एक वाचक, बारामती

लावू नये. दोघेही आंधळे झाले तर रस्त्यावर पाहणारा कोणीच उरत नाही. समोरून वाहन आले किंवा आपण कोणाच्या मागे असलो, की खालचा झोत लावणे हे कायद्यानेही आवश्यक आहे. समोरच्याला एकदा डिपर देऊन आठवण करून द्यावी. त्याने ऐकले नाही, तर नजर त्याच्या दिव्यांवरून काढून आपल्या डाव्या बाजूच्या पांढऱ्या रेषेवर किंवा रस्त्याच्या कडेवर ठेवावी आणि वेग कमी करावा. काच आतूनही पुसलेली असावी, कारण आतल्या धुळीच्या थरावर प्रकाश पसरतो आणि झगमगाट दुप्पट वाटतो.

तुमच्या भागात याहून मोठा धोका उसाच्या हंगामात असतो. अंधारात मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, उसाचे वाढे दोन्ही बाजूंना लोंबते आहे आणि एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या आहेत, असे वाहन तुमच्या खालच्या झोतात येते तेव्हा ते जेमतेम ४० मीटरवर असते. वर दिलेला हिशेब येथे लावून पाहा : ताशी ८० वेगाला थांबायला ७० मीटर लागतात. याचा सरळ अर्थ असा, की खालच्या झोतावर त्या रस्त्याने ८० च्या वेगाने जाणारा माणूस ट्रॉली पाहूनही तिच्यावर आदळणार. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवायचा, म्हणजे अशा रस्त्यावर पन्नाशीच्या आत. ट्रॉलीवाल्यांनी आणि कारखान्यांनी मागे लाल पट्टी आणि दिवा लावलाच पाहिजे, त्यात कसूर होता कामा नये. पण त्यांनी तो लावला नसेल असे धरूनच तुम्ही चालवा.

समृद्धी महामार्गाने नागपूरहून शिर्डीला जायचा बेत आहे. परवाना मिळून थोडेच महिने झाले आहेत. जावे का? — एक वाचक, वर्धा

जायला हरकत नाही, पण पहिल्या खेपेस अनुभवी चालक सोबत हवा. ७०१ किलोमीटरच्या या मार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ती कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष हरवते आणि पुढची गाडी जवळ येते आहे हे उशिरा कळते. दर दोन तासांनी उतरून चालावे, जेवण करून लगेच निघू नये, आणि रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत तर नवख्याने तिकडे फिरकूच नये. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, तर काच खाली करून आणि गाणी लावून काही साधत नाही. सेवा केंद्रात थांबून वीस मिनिटे झोपावे. टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. कमी हवेचा टायर वेगात अधिक वाकतो, तापतो आणि फुटतो. टायर फुटलाच, तर ब्रेक न मारता स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे आणि गाडीला आपल्या आपण मंद होऊ द्यावे.

मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावायलाच हवा का? घरची मंडळी हसतात. — एक वाचक, ठाणे

होय, पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. ते दोघे मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. ताशी ६० च्या वेगाने गाडी एकदम थांबते तेव्हा पट्टा न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणाऱ्याला जेवढा वेग येतो, तेवढाच हा वेग आहे. तो पुढच्या आसनावर आदळतो आणि पुढे पट्टा लावून बसलेल्यालाही चिरडतो. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे तर सर्वांत वाईट, कारण फुगणारी एअरबॅग आणि तुमचे शरीर यांच्या मध्ये ते मूल सापडते. आजी-आजोबांना आग्रहाने सांगा, आणि सर्वांचे पट्टे लागेपर्यंत पहिला गिअर टाकू नका.

मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि क्लासला स्कूटर मागतो. परवाना काढता येतो, असे कोणी सांगितले. — एक पालक, अहिल्यानगर

सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचाच असतो. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या असतात, त्यांना अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी मुलाच्या मागे बसलेला मित्र आणि समोरून येणारी म्हातारी बाई यांचा विचार करून नाही म्हणा. क्लास फार दूर असेल तर सायकल आणि एसटीचा पास ही दोन्ही साधने अजून उपलब्ध आहेत.

ई-चलानचा संदेश मोबाइलवर आला, सोबत एक फाइल आहे. उघडावी का? — एक वाचक, पुणे

व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, कदापि उघडू नका. अशा फाइलींतून फोनचा ताबा घेऊन खात्यातील पैसे काढले जातात. चलान खरे आहे का, हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः पत्ता टाकून, गाडीचा क्रमांक देऊन पाहावे. तेथे छायाचित्रही असते. गाडी तुमची नसेल तर तेथेच तक्रार नोंदवता येते. परवाना आणि नोंदणीची कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दाखवली तरी वैध धरली जातात, मात्र कागदाचे नुसते मोबाइलवर काढलेले छायाचित्र चालत नाही.

माझ्या हातून अपघात झालाच, किंवा रस्त्यात दुसऱ्याचा अपघात दिसला, तर मी काय करावे? लोक मारतील, पोलीस अडकवतील, याची भीती वाटते. — एक वाचक, लातूर

तुमच्या गाडीचा अपघात झाला असेल, तर कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे पहिले कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल, तर तेवढ्यापुरते तेथून बाजूला होण्याची सवलत कायद्यानेच दिली आहे. परंतु तेव्हाही १०८ वर रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ वर पोलिसांना कळवावे, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत, स्वतः जाऊन माहिती द्यावी. पळून जाणाऱ्याची बाजू न्यायालयात फार कमकुवत होते, आणि त्या वेळात जखमीचा जीव जाऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदत क्रमांक आहे.

घटनास्थळी आधी दुसरा अपघात टाळा. गाडी बंद करा, चारही इंडिकेटर लावा, परावर्तक त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवा आणि माणसांना दुभाजकाच्या किंवा कठड्याच्या पलीकडे उभे करा. आग किंवा बुडण्याचा धोका नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढू नका, कारण मानेला किंवा पाठीला इजा असू शकते. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नका, आणि पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि ते पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका.

दुसऱ्याला मदत करणाऱ्याने पोलिसांना भिण्याचे कारण आता उरलेले नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ घालून ते कायद्यातच आणले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे, त्यामुळे पैसे कोण भरणार या चिंतेने जखमीला रस्त्यावर थांबवून ठेवू नका. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्याबाबत मात्र एवढे करा, की गाडी हलवण्यापूर्वी तिची, रस्त्याची आणि टायरच्या खुणांची छायाचित्रे काढा, आणि विमा कंपनीला अपघाताची वेळ, ठिकाण व जखमींची माहिती त्याच दिवशी लेखी कळवा.